एका मतानं काय होतं, मॅडम?

“मॅडम, इतकी वर्षं इलेक्शन ड्युटी करताय. खरं सांगा, आपल्या एका मतानं काय होतं?”

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी विचारलाय, नववीच्या वर्गात मुलांनी विचारलाय आणि मागे दिवाळीत फराळाला आलेल्या भाच्यानंही विचारला. लिफ्टमध्ये उत्तर अर्धं राहतं, मजला येतो. वर्गात तास संपतो. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहिते.

भाचा महापेला नोकरीला आहे, आकडे त्याला तोंडपाठ. म्हणाला, “आत्या, २०२४ च्या लोकसभेला आपल्या ठाण्यात नरेश म्हस्के राजन विचारेंपेक्षा २ लाख १७ हजार मतं जास्त घेऊन निवडून आले. माझं मत त्यात असलं काय नि नसलं काय!” हिशोब बरोबर होता त्याचा. त्या वेळी मतदान २० मे ला होतं, सोमवारी. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मोकळे मिळाले आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या शुक्रवारी रात्रीच निघून गेल्या. ठाणे मतदारसंघात मतदान ५२ टक्क्यांच्या आसपासच झालं. पुढे विधानसभेला आयोगानं मुद्दाम बुधवार निवडला, त्यामागं शहरांतली हीच सवय होती.

मी त्याला आमच्याच दारातली गोष्ट सांगितली. आम्ही नेरुळचे, म्हणजे विधानसभेला बेलापूर मतदारसंघ. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं आणि मंदा म्हात्रे संदीप नाईकांच्या पुढे ३७७ मतांनी निवडून आल्या. दोघांनाही ९१ हजारांवर मतं. मतदारसंघातली काहीशे केंद्रं धरलीत तर एका केंद्रामागे साधारण एक मत. त्याच वर्षी मुंबई उत्तर-पश्चिमच्या लोकसभेला तर मशीनमधली मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं त्यात मिळवली आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. टपाली मतं म्हणजे आमची बरं का, ड्युटीवरच्या शिक्षकांची, कारकुनांची, पोलिसांची. आणि आता घरून मत देणाऱ्या ८५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांचीसुद्धा.

भाचा गप्प बसला. पण असे निकाल विरळाच, हे मलाही कळतं. नुसत्या अशा निकालांवर मताची किंमत ठरवायची तर बाकीच्या वेळी मत स्वस्त असतं असंच म्हणावं लागेल. मला तसं कधीच वाटलेलं नाही, आणि २०१९ च्या ड्युटीनंतर तर मुळीच नाही.

२१ ऑक्टोबर २०१९, विधानसभा. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूची एक शाळा, तळमजल्यावरचा वर्ग, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. आदल्या दिवशी साहित्य घेऊन आम्ही पोचलो होतो. पहाटे मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान. उमेदवारांचे पोलिंग एजंट समोर बसवून निदान ५० मतं टाकायची, मशीनचा निकाल व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवायचा, मग सगळं पुसून मशीन शून्यावर आणून एजंटांना दाखवायचं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या. ही पन्नास मतं कुणाचीच नसतात. तरी त्यातलं एकही इकडचं तिकडे झालेलं चालत नाही.

मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचतो, दुसऱ्याकडे नोंदवहीत सही, बोटाला शाई आणि नंबर घातलेली चिठ्ठी, ती चिठ्ठी तिसरा घेतो आणि कंट्रोल युनिटचं बटण दाबून मशीन मोकळं करून देतो. शाईची बाटली कलंडू नये म्हणून वाटीभर वाळूत रोवून ठेवायची असते. १९६२ पासून ही शाई म्हैसूरहून येते. दिवसभरात सहाशे हात माझ्यासमोर आले. सिमेंटमध्ये काम करून भेगाळलेल्या बोटावर शाई भेगांतून पसरते, रेघ सरळ येत नाही. तेलकट बोट आधी पुसून घ्यावं लागतं. एका काकांची डावी तर्जनी नव्हतीच, कारखान्यात गेलेली. त्यांनी स्वतःच शेजारचं बोट पुढे केलं आणि म्हणाले, “दर वेळी ह्यालाच लावतात.”

संध्याकाळी सहाला केंद्राध्यक्ष बाहेर गेले आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे येत सह्या केलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. शेवटून अशासाठी की मागे कुणी नव्यानं उभं राहू नये. पण सहाच्या आत जो रांगेला लागला, तो कितीही वाजले तरी मत देऊनच जातो. शेवटचा मतदार गेला, क्लोजचं बटण दाबलं, आता १७ सी भरायचा. म्हणजे दिवसभराच्या मतांचा हिशोब, त्याची प्रत एजंटांना द्यावी लागते.

नोंदवहीत ६१२ सह्या. मशीनमध्ये ६११ मतं.

केंद्राध्यक्ष एका सरकारी खात्यातले अभियंते होते, शांत माणूस. चष्मा काढून म्हणाले, “मॅडम, एक लागत नाहीये.” बाहेर साहित्य न्यायला आलेली बस हॉर्न देत होती. आम्ही आदल्या सकाळपासून घराबाहेर. दिवसभर एकमेकांशी तावातावानं भांडलेले तीन-चार पक्षांचे एजंट बाकांवर बसलेले, त्यांनाही घरी जायचं होतं. पण “एकानं काय होतंय, टाका पुढे” असं त्या खोलीत कुणीही म्हणालं नाही. दुपारी एका मतदारावरून हमरीतुमरीवर आलेले दोन एजंट आता एकाच बाकावर वाकून माझ्याबरोबर तिसऱ्या टेबलावर जमा झालेल्या नंबरच्या चिठ्ठ्या लावत होते. शंभर-शंभराचे गठ्ठे केले. चिठ्ठ्याही ६११ च भरल्या. म्हणजे मशीन बरोबर होतं, चिठ्ठीच कुणाची तरी तिसऱ्या टेबलापर्यंत गेली नव्हती. नंबर लावत गेलो आणि ३४६ नंतर ३४८ आली.

नोंदवहीत ३४७ समोरची सही पाहिली आणि मला ती आठवली. दुपारी दीडच्या सुमाराची गर्दी. कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, उन्हानं लाल झालेलं, जीव तोडून रडणारं. तिनं एका हातानं सही केली, मी शाई लावली, चिठ्ठी दिली. बाळानं अंग टाकलं तशी ती त्याला घेऊन बाहेर गेली. दूध पाजून परत येईल असं मला वाटलं, की मी पुढच्या बोटाकडे वळलेही होते, आता खात्रीनं सांगता येत नाही. दर दोन तासांनी टक्केवारी कळवताना नोंदवही आणि मशीन यांत एखाद-दोनचा फरक असतोच, कारण तेवढी माणसं दोन टेबलांच्या मध्ये उभी असतात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

केंद्राध्यक्षांनी शेऱ्याच्या रकान्यात मतदान न करता गेल्याची नोंद केली, सही केली. हिशोब जुळला. एजंटांनी प्रती घेतल्या. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. ती परत का आली नाही? शाई लागली म्हणजे मत झालं, असं कितीतरी जणांना वाटतं. तिलाही तसंच वाटलं असेल, तर घरी जाऊन तिनं नवऱ्याला बोट दाखवून सांगितलं असेल की दिलं मत. आणि ते कुठेच नव्हतं. माझ्यासमोरून गेलं ते.

म्हणून एका मतानं काय होतं असं कुणी विचारलं की माझ्यापुढे ते मध्यरात्रीकडे झुकलेलं टेबल येतं. ही सगळी यंत्रणा, यादीवरच्या खुणा, सह्या, सील, पाकिटं, एका मतासाठीच बांधलेली आहे. घरी बसून आपण आपलं मत फुकट म्हणतो, तिथे ते सापडल्याशिवाय नऊ-दहा माणसं जागची उठत नाहीत.

मतदानाच्या दिवसाचा ताण म्हणजे घोषणा आणि बंदोबस्त असं लोकांना वाटतं. तो असतोच. पण माझ्या अनुभवात सगळ्यात कठीण क्षण म्हणजे यादीत नाव नसणं. तासभर रांगेत उभं राहून आलेला माणूस ओळखपत्र पुढे करतो, पहिला अधिकारी यादी दोनदा चाळतो आणि मान हलवतो. “अहो, गेल्या वेळी इथेच दिलंय.” आमच्या हातात काही नसतं. भाड्याचं घर बदललेलं असतं, इमारत पुनर्विकासाला गेलेली असते, किंवा कुणाच्या तरी चुकीनं नाव गळालेलं असतं. ओळखपत्र खिशात आहे म्हणजे यादीत नाव आहे असं होत नाही, हे कृपा करून सगळ्यांना सांगा. पत्ता बदलला तर फॉर्म ८, नव्यानं नाव घालायचं तर फॉर्म ६, आणि तेही निवडणूक लागायच्या आधी. मतदानाच्या सकाळी फक्त डोळ्यांत पाणी येतं.

दुसरा कठीण क्षण, कुणीतरी आधीच आपल्या नावावर मत देऊन गेलेलं. एका मावशींबरोबर असं झालं, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. अशा वेळी खात्री पटली तर प्रदत्त मत देता येतं, कागदी मतपत्रिकेवर, वेगळ्या पाकिटात. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. तरी त्यांनी दिलं. “माझं मी दिलं, एवढं तरी कागदावर राहू दे,” म्हणाल्या.

माझे सासरे माथाडी कामगार होते, वाशीच्या बाजारात. तीस वर्षं कोपरखैरण्यात राहिले, नाव मात्र साताऱ्याकडच्या गावी. मतदानाच्या आदल्या रात्री मंडळी गाड्या करून गावाला निघायची. गावाची ओढ मला समजते. पण घरापुढचं गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही की चिडायचे इथल्या नगरसेवकावर, ज्याला त्यांनी कधी मत दिलंच नव्हतं. पुढे नगरसेवकच उरले नाहीत. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा सोसायटीतली तीच माणसं, जी मतदानाला जात नव्हती, मला विचारायची की तक्रार घेऊन जायचं कुणाकडे. मत द्यायला मिळत नाही म्हणजे काय, ते त्या वर्षांत कळलं. आणि पक्षांना केंद्रनिहाय आकडे मिळतात, कुठल्या केंद्रावर किती मतदान झालं ते त्यांना दिसतं. ज्या इमारती घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्याकडे मग कोण कशाला फिरकेल?

१५ जानेवारी २०२६ ला अखेर महापालिकेचं मतदान झालं. २०१५ ला वॉर्डात एकच नगरसेवक होता. या वेळी एक सोडून सगळ्या प्रभागांत चार, म्हणजे तिथं प्रत्येकानं अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची. चौथं बटण दाबल्याशिवाय बझर वाजत नाही. मी या वेळी तिसऱ्या टेबलावर होते, घणसोलीतल्या एका केंद्रावर. २०१९ पासून मी प्रत्येकाला एक वाक्य सांगते, “शाई लागली म्हणजे मत झालं नाही.” या वेळी त्यात भर घातली, “चार बटणं, आणि लांब आवाज येईपर्यंत आतच थांबा.”

दुपारी एक आजोबा मशीनच्या आडोशाला लावलेल्या पुठ्ठ्यामागे गेले, क्षणात बाहेर आले आणि दाराकडे चालू लागले. बझर वाजला नव्हता.

“आजोबा, थांबा. अजून बाकी आहे.”

“दिलं की.”

“एक दिलं असेल. अजून तीन आहेत तुमची.”

ते परत आत गेले. रांग खोळंबली, मागचा मुलगा घड्याळ बघायला लागला. मी कुणालाच पुढे येऊ दिलं नाही. पुठ्ठ्यामागून काही आवाज नाही. मग बराच वेळानं बझर वाजला, लांब. आजोबा बाहेर आले आणि माझ्या टेबलापाशी थांबले.

“झालं?”

“आता झालं,” म्हटलं.