आमची वाटचाल : वाद्याचा भाव आणि सहीचा भाव

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका जुन्या कारखान्यात वडिलांनी बारा वर्षे तंबोऱ्याच्या दांड्या तासल्या आणि १९८६ साली दहा बाय बाराच्या गाळ्यात स्वतःचे काम सुरू केले. नवे वाद्य घडवण्याचे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. तंबोऱ्याला लागणारे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे हंगामात एकरकमी उचलून ते वाळेपर्यंत पैसा अडकवून ठेवणे ज्याला झेपते त्यानेच ते करावे, असे ते म्हणत. त्यामुळे आमची पेढी दुरुस्तीवर उभी राहिली. जवारी काढणे (तारेचा स्वर खुलावा म्हणून घोडीचा माथा घासणे), खुंट्या घट्ट बसवणे, तडकलेला भोपळा सांधणे, पेटीचे सूर लावणे, आणि हात जरा मोकळा झाल्यावर जुनी वाद्ये विकत घेऊन ती ठाकठीक करून विकणे, असा हा क्रम आहे. जुन्या मालाच्या धंद्यात भाव बांधता येणे हीच खरी कसोटी असते, आणि त्या कसोटीत आम्हाला सर्वांत जास्त चकवले ते सह्यांनी.

मिरजेत सही मिळणे फारसे अवघड नाही. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणाऱ्या संगीतसभेला नामवंत कलावंत आवर्जून हजेरी लावतात. सभा उठल्यावर एखादा हौशी श्रोता मार्कर पुढे करतो, कलावंत भिडेखातर नाही म्हणत नाही, आणि वाद्यावर नाव उमटते. जुन्या पिढीतले काही जण मात्र वाद्याला पाया पडून बाजूला होत. सरस्वतीच्या अंगावर आपले नाव कसे घालायचे, असा त्यांचा भाव असे.

असाच एक तंबोरा २००९ मध्ये कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी विकायला आणला. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीवर, तारा पेलणाऱ्या घोडीच्या खाली, एका फार मोठ्या गायिकेची सही होती. तंबोरा मध्यम दर्जाचा, अठरा हजारांच्या वर न जाणारा. तरीही वडिलांनी सहीपोटी बारा हजार वेगळे मोजले आणि पेढीच्या इतिहासात प्रथमच वाद्य दर्शनी काचेमागे ठेवले. लोक थांबत, सही वाचत, मोबाइलवर छायाचित्र काढत आणि पुढे जात. दीड वर्षाने सांगलीच्या एका गायनशिक्षिका आल्या. त्यांनी सहीकडे क्षणभर पाहिले, मग तंबोरा मांडीवर घेऊन डोळे मिटून खर्जाची तार छेडली, आणि शांतपणे विचारले, "तबली बसलीय ना हो?"

त्यांचे बरोबर होते. तारांच्या ताणाने तबली घोडीखाली दबली होती, घोडी खाली गेली होती आणि जीव (तार आणि घोडी यांच्यामधला दोरा) कितीही सरकवला तरी स्वर उमलत नव्हता. याला उपाय एकच, तबली बदलणे. आणि सही नेमकी तबलीवर. म्हणजे ज्या फळीसाठी आम्ही बारा हजार मोजले होते, तीच काढून टाकल्याशिवाय वाद्य वाजणार नव्हते. वडील महिनाभर हो-नाही करत राहिले. अखेरीस त्यांनी सुरी तापवून सांधा सोडवला, तबली उचलली, तुणाच्या लाकडाची नवी बसवली, आणि बाईंनी तो तंबोरा चांगल्या जुन्या तंबोऱ्याच्या भावात घेतला. जुनी फळी त्यांनी मागितलीसुद्धा नाही. ती पुढे तीन वर्षे माळ्यावर पडून होती. मग एका डॉक्टरांनी ती पाच हजारांना नेली आणि चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगली. वाद्याला वाजवणारा मिळाला, सहीला टांगणारा मिळाला. दोन्ही एकत्र हवे असलेले गिऱ्हाईक मात्र आमच्या दारात आले नाही.

धाकट्या भावाने २०१२ पासून जुन्या गिटारी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. एक तरुण मोठ्या अपेक्षेने गिब्सन या अमेरिकन कंपनीची गिटार घेऊन आला आणि तिच्या माथ्यावरची सोनेरी 'लेस पॉल' ही सही दाखवू लागला. ती अक्षरे कारखान्यात छापलेली असतात, १९५२ पासून त्या नमुन्याचे नावच ते आहे, हे समजावताना भावाची तारांबळ उडाली. ज्यांच्या नावाचा तो नमुना, ते अमेरिकन गिटारवादक लेस पॉल म्हातारपणीही न्यूयॉर्कच्या एका क्लबात दर सोमवारी वाजवत आणि चाहत्यांच्या गिटारींवर मनमोकळेपणाने सह्या करत. जी गोष्ट इतक्या उदारपणे वाटली जाते, तिला बाजारात मोठा भाव कसा येणार?

परदेशातले मोठे आकडे लोक आम्हाला ऐकवतात, पण ते नीट वाचत नाहीत. अमेरिकन रॉक गायक कर्ट कोबेनची मार्टिन गिटार २०२० मध्ये साठ लाख डॉलरांना गेली, ती त्याने १९९३ च्या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वाजवली होती म्हणून. बीटल्सच्या जॉन लेननची १९६३ मध्ये हरवलेली गिब्सन २०१५ मध्ये चोवीस लाख डॉलरांना विकली गेली, ती अनुक्रमांक जुळल्यामुळे. या दोन्ही ठिकाणी पैसा पडला तो हाताच्या वापराला. केवळ सह्यांवर मोठी रक्कम आलेले ठळक उदाहरण म्हणजे अनेक रॉक कलाकारांनी सही केलेली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार. ती २००५ मध्ये दोहा येथे सत्तावीस लाख डॉलरांना गेली, पण तो लिलाव सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी होता आणि घेणारा दान करायला बसला होता. आमच्या गाळ्यात येणारा माणूस शिकवणीसाठी वाद्य शोधत असतो.

शिवाय सही खरी कशावरून? व्हायोलिनच्या पोटात 'स्ट्रादिवारी' या जगप्रसिद्ध इटालियन कारागिराच्या नावाची चिठ्ठी असलेली कारखानी वाद्ये जगभर ढिगाने आहेत, आणि आमच्याकडेही वर्षाकाठी एखादे येतेच. म्हणून आता आम्ही पक्क्या बिलावर फक्त वाद्याचा भाव लिहितो. सहीबद्दल कोणाला जास्त द्यायचे असल्यास ती रक्कम आधीच्या मालकाला थेट द्यावी. कलावंत सही करत असतानाचे छायाचित्र असेल तर ते आम्ही वाद्यासोबत सुपूर्द करतो, हमी मात्र देत नाही.

या नियमामुळे आम्ही सहीला कस्पटासमान मानतो, असा समज होऊ नये. २०१६ मध्ये आमच्याच हातून एक मोठी चूक झाली. कुपवाडच्या एका निवृत्त शिक्षकांची पेटी पॉलिशला आली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या गुरूंची सही होती, तशी नोंद पावतीवरही होती. पण कारागिराने पावती न पाहता चपड्याचे पॉलिश केले, आणि त्यातल्या स्पिरिटने मार्करची शाई एका फिरवणीत बोळ्यावर आली. निळसर झालेला तो बोळा मी स्वतः पाहिला. भरपाई म्हणून किती द्यावे हे ठरवायला बसलो, तर आमच्याच हिशेबाप्रमाणे त्या सहीचा भाव शून्य निघत होता. मास्तरांपुढे रक्कम ठेवताच ते म्हणाले, "पैसे राहू द्या. मला ती कुठे विकायची होती?"

झाकण त्यांनी तसेच कोरे ठेवले आहे. दर वर्षी दसऱ्याच्या आधी ती पेटी सूर लावायला आमच्याकडे येते. तिचे बिल आम्ही करत नाही, आणि आतल्या बाजूला पॉलिशचा हात लावत नाही.