राजाचा माणूस

पणजीच्या आझाद मैदानात खांबांचा एक मंडप आहे. आज तिथं गोवा मुक्तिलढ्यातल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचं स्मारक आहे. पोर्तुगीज अमदानीत तिथं आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा असायचा. त्या मंडपाशेजारून मी कितीदा गेलोय, पण हा माणूस नेमका कोण, असं कधी डोक्यात आलं नव्हतं. या मे महिन्यात मुद्दाम जुन्या गोव्याला निघालो. रायबंदरच्या मावशीनं ऐकवलंच, "त्या फिरंग्याला बघायला एवढ्या उन्हात? त्यापेक्षा मंगेशीला जाऊन ये."

पुरातत्त्व संग्रहालयात तो ब्राँझमध्ये उभा आहे, माणसाहून उंच, लांब दाढीचा. लिस्बनजवळच्या आल्यांद्राच्या खानदानी घरातला, दरबारात वाढलेला, पुढे हिंदुस्थानातल्या पोर्तुगिजांचा गव्हर्नर. पोर्तुगालच्या राजा मानुएलसाठी त्यानं काय काय केलं? १५१० मध्ये होनावरचा दर्यावर्दी तिमोजा याच्या सांगण्यावरून गोवा घेतला, दोन-तीन महिन्यांत आदिलशाही फौजेनं हुसकावलं, २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतला. पुढच्या वर्षी मलायातलं मलाक्का बंदर, १५१५ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ. एडन मात्र हाती लागलं नाही. गुजरातच्या सुलतानानं दिलेला गेंडासुद्धा त्यानं स्वतःकडे न ठेवता गोव्याहून जहाजानं राजाकडे धाडला!

पुतळ्यापुढे उभं राहून मला मात्र त्याचं १५१० च्या डिसेंबरचं पत्र आठवत होतं. गोवा जिंकल्यावर मुसलमानांची कत्तल केली, बायकापोरंही सोडली नाहीत, हे तो राजाला अभिमानानं कळवतो. हिंदू शेतकरी आणि ब्राह्मणांना मारलं नाही, हेही लिहितो. त्यानं सती बंद केली असं कौतुकानं सांगतात, ते खरंही आहे. पण ते पत्र वाचल्यावर स्वामिनिष्ठा हा शब्द आपण मावळ्यांसाठी वापरतो तसा इथं जिभेवर येत नाही.

आणि धन्यानं काय दिलं? होर्मुझहून आजारी अवस्थेत परतताना वाटेत दुसऱ्या जहाजाकडून बातमी कळली: त्याच्या जागी लोपो सोआरेस आलाय. ज्यांना यानं कैदी करून पोर्तुगालला पाठवलं होतं, त्यांतलेच काही हुद्दे घेऊन परतलेत. 'राजापायी माणसांना नकोसा झालो, माणसांपायी राजाला,' असं तेव्हा तो म्हणाला म्हणतात. मग राजाला शेवटचं पत्र लिहिलं, मुलाकडे लक्ष द्या म्हणून. १६ डिसेंबर १५१५ ला गोवा नजरेच्या टप्प्यात असताना जहाजावरच गेला. पुढच्या मार्चमध्ये मानुएलनं त्याच्याकडे पुन्हा अधिकार देण्याचं फर्मान काढलं. गोवा ते लिस्बन बातमी पोचायला महिने लागत, त्यामुळे ते मेलेल्या माणसाच्या नावे निघालं.

बाहेर पडून व्हाइसरॉयच्या कमानीतून धक्क्यावर आलो. दिवाडीची फेरी लागत होती. चढलो, काम काही नव्हतं. मांडवी इथं रुंद आणि मातकट. समुद्र दिसत नाही, तो तिकडे पणजीपलीकडे. म्हणजे या धक्क्यावर त्याला आणलं ते मढं म्हणूनच. यानंच बांधलेल्या सेरा चर्चमध्ये पुरलं, आणि १५६६ मध्ये अस्थी लिस्बनला नेल्या. तोवर इथले हिंदू-मुसलमान त्याच्या थडग्यापाशी जाऊन नव्या अधिकाऱ्यांविरुद्ध गाऱ्हाणी घालत, अशी पोर्तुगिजांची आख्यायिका आहे. मला ती गिळायला जड जाते.

संध्याकाळी मावशीला म्हटलं, हापूस हे नावही त्याच्याच आफोंसोवरून पडलं म्हणतात. तिनं मानकुरादची टोपली पुढे सरकवली. "म्हणूनच आम्ही हा खातो," म्हणाली.