आधी वाघीण, मग इंजिन

बार्शीच्या मामाला फोनवर सांगितलं की मी बार्शी लाईटचं मॉडेल करतेय, तेव्हा तो एकदम खूश झाला आणि मग मी म्हटलं की इंजिन नाही करत, मालाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा करतेय, तर थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "आगं इंजिन कर की, वाघिणीत काय हाय बघण्यासारखं?"

हा प्रश्न मला गेल्या दीड वर्षात बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून आज सविस्तर लिहितेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन १८९७ ला सुरू झाली, कुर्डुवाडीचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं, अंतर साधारण एकवीस मैल. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. कंपनी लंडनची, १८९५ ची, आणि हे सगळं डोक्यात आणलं ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने, जो आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. १९५४ ला सरकारने लाईन ताब्यात घेतली, मध्य रेल्वेत आली, आणि नंतर टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. आमच्या भागात अजून सगळे तिला नुसतं 'लाईट' म्हणतात.

आता वाघीण का, तर सांगते. जुने फोटो शोधायला बसलं की इंजिनाचे मिळतात. इंजिन फोटोच्या मधोमध, शेजारी ड्रायव्हर उभा, नंबर स्पष्ट, चाकं मोजता येतात. आणि त्याच्या मागे फोटोच्या कडेला अर्धी कापलेली एक वाघीण, तिचा एक कोपरा, एक दार, कधी नुसती छपराची रेघ. कोणी वाघिणीचा फोटो काढायला म्हणून स्टेशनवर गेलेलं नाही. आणि गंमत अशी की या रेल्वेची खरी कल्पना त्या कापलेल्या भागातच होती, ती इंजिनात नव्हतीच, हे मला कळायलाही बरेच महिने गेले.

कॅल्थ्रॉपने सुरुवात केली ती वजनापासून. कुठल्याही धुरीवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आसावर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण असो, नियम एकच. का, तर मग रूळ हलके चालतात, यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो. आज आपल्या मेन लाईनवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात, म्हणजे चौपट. हलके रूळ म्हणजे स्वस्त लाईन, स्वस्त लाईन म्हणजे बार्शीसारख्या गावापर्यंत ती परवडते, नाहीतर कापूस आणि गळिताची धान्यं बैलगाडीनेच जात राहिली असती. चार धुऱ्यांच्या वाघिणीला पाच टनांप्रमाणे वीस टन. संपला हिशोब, याच्या वर जायचंच नाही. आजच्या मालगाडीच्या एका धुरीवर बावीस-पंचवीस टन असतात, म्हणजे लाईटची माल भरलेली अख्खी वाघीण आजच्या एका धुरीवर बसली असती! मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं.

तर वीस टनांची मर्यादा पक्की, मग जास्त माल न्यायचा कसा, तर रिकामी वाघीण हलकी करायची. तिचं स्वतःचं वजन जेवढं कमी तेवढी पोती जास्त. म्हणून त्याने दाबीव पोलादाच्या चौकटी वापरल्या, आणि त्या केल्या इंग्लंडमधल्या लीड्सच्या लीड्स फोर्ज कंपनीने. त्या काळात नेहमीची चौकट म्हणजे अँगल आणि पट्ट्या कापून रिव्हेट मारत जोडायच्या. दाबीव पोलादात जाड पत्रा तापवून मोठ्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये साच्यावर दाबतात आणि त्याच्या कडा एकाच दाबात वळतात, की जोडणी कमी, वजन कमी आणि ताकद तितकीच. आणि सगळ्या मालवाघिणींना खालची चौकट एकच, पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद, वर बंद पेटी ठेवा नाहीतर उघडी, खाली सगळं सारखं. सुटा भाग एकाचा दुसरीला चालतो. शंभरच्या वर वर्षांपूर्वी कुर्डुवाडीच्या माळावर हे चाललं होतं, मला याचा फार अभिमान वाटतो, उगाच लपवत नाही.

(बोगी हा शब्द आपल्याकडे लोक अख्ख्या डब्याला वापरतात. मी इथे बोगी म्हणतेय ती डब्याखालची चार चाकांची फिरती गाडी. प्रत्येक वाघिणीला अशा दोन, त्यामुळे लांब असूनही ती वळणावर नीट वळते.)

लीड्स फोर्जबद्दल शोधता शोधता मी थेट अमेरिकेत पोचले. कंपनी १८७४ ची, सॅमसन फॉक्स नावाच्या माणसाची, तो आधी बॉयलरच्या नागमोडी नळ्यांसाठी प्रसिद्ध होता. त्याने दाबीव पोलादाच्या बोग्या आणि चौकटी काढल्या आणि अमेरिकेतही इलिनॉयमधल्या जोलिएटला कारखाना टाकला. तिकडच्या मालडब्यांना फॉक्सच्या बोग्या खूप लागल्या, आणि १८९९ ला त्याचा तिथला धंदा आणि चार्ल्स शोनचा धंदा एकत्र होऊन प्रेस्ड स्टील कार कंपनी झाली. अमेरिकेत जुन्या मालडब्यांची मॉडेल्स करणारे लोक काय अभ्यास करतात हे बघून मी थक्क झाले. कुठल्या रेल्वेकडे कुठल्या वर्षी कुठल्या नंबरांचे डबे होते, छप्पर कुठल्या प्रकारचं, ब्रेकचं चाक कुठल्या कंपनीचं, हे सगळं वर्षावर्षानिशी. कारण तिकडे डबे एकमेकांच्या लाईनवर फिरायचे म्हणून सगळ्या डब्यांची छापील यादी निघायची, आणि ती अजून लोकांकडे आहे. दाबीव पोलादाचा कोपरा कसा दिसतो, कड किती वळते, हे मी त्यांच्या बोग्यांचे फोटो बघूनच शिकले, आणि मग तेच डोळे घेऊन बार्शीच्या फोटोंकडे परत आले.

फोटोवरून माप काढणं हा या कामातला माझा सर्वात आवडता भाग. एक माप पक्कं हवं, ते आहे, पंचवीस फूट चौकट. फोटो बरोबर बाजूने काढलेला असेल तर बाकी सगळं त्याच्या प्रमाणात निघतं. दाराची रुंदी, पेटीची उंची, बोगीच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर. फोटो तिरका असेल तर जवळचं टोक मोठं आणि लांबचं लहान दिसतं, मग मी फळ्या मोजते, कारण खऱ्या वाघिणीवर फळ्या सारख्याच रुंदीच्या असतात आणि त्या जिथे दाटत जातात तिथे तिरकेपणा किती ते कळतं. एका फोटोवर मी तीन रविवार घालवले. नवऱ्याने जेवायला चार हाका मारल्या तेव्हा कुठे उठले.

रंगाचं प्रकरण त्याहून अवघड आहे आणि इथे खूप जण फसतात. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीचा फोटो काढायचा म्हणून त्या काळी इंग्लंडचे कारखाने तिला मुद्दाम राखाडी रंग द्यायचे, अक्षरं पांढरी, म्हणजे फोटोत सगळं बारीकसारीक उठून दिसतं. फोटो झाला की खरा रंग. त्यामुळे कारखान्याचा सुंदर फोटो बघून कोणी मॉडेल राखाडी रंगवलं तर ते फोटोचं मॉडेल झालं, वाघिणीचं नाही. आणि दुसरं म्हणजे तेव्हा फिल्मऐवजी काचेवर फोटो काढायचे, आणि त्या बऱ्याच काचांना लाल रंग दिसायचाच नाही. लाल गोष्ट फोटोत जवळजवळ काळी येते आणि निळी फिकट. म्हणजे स्टेशनवरच्या फोटोत काळी दिसणारी वाघीण गेरूच्या रंगाची असू शकते. मी गेरूकडे झुकणारा तपकिरी घेतला. हा माझा निर्णय आहे, आणि फोटोत इंजिनाचा काळा आणि वाघिणीचा काळा यात जो हलका फरक दिसतो त्याच्या जोरावर घेतलाय.

मॉडेलचं प्रमाण १:४८. याचं कारण रूळ. अडीच फूट म्हणजे तीस इंच, भागिले अठ्ठेचाळीस म्हणजे साधारण सोळा मिलिमीटर, आणि एचओ स्केलचे, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या एका नेहमीच्या लहान प्रमाणाचे, रूळ साडेसोळाचे, ते विकत मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला चालतो. फक्त स्लीपर स्वतः टाकायचे, कारण एचओचे स्लीपर या प्रमाणात फार बारीक आणि दाट दिसतात. वाघीण येते १५९ मिलिमीटर लांब आणि साडेचव्वेचाळीस रुंद, तळहातावर मावते. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये लहानपणी बाबांबरोबर तासन्तास उभी राहायचे, तिथूनच हे वेड लागलं, पण तिथल्या गाड्या बघताना मालडब्यांकडे मीही कधी लक्ष दिलं नव्हतं.

सामान साधंच आहे. आर्किटेक्चरच्या मुलांना लागणारं सामान विकणाऱ्या दुकानातून स्टायरिनची (एक प्रकारचं प्लास्टिक) शीट, अर्धा मिलिमीटर आणि पाव मिलिमीटर, अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड, पोलादी पट्टी आणि पातळ प्लास्टिक सिमेंट जे ब्रशने सांध्यात सोडलं की स्वतःच आत ओढलं जातं. पहिली चौकट मी चुकवली. सवयीने सगळीकडे रिव्हेट काढले, पाव मिलिमीटरच्या शीटवर मागून सुईने टोचून एकसारखे, सहा संध्याकाळी लागल्या, आणि दिसायलाही छान दिसत होते. मग रात्री फोटो परत मोठा करून बघितला आणि लक्षात आलं की इथे रिव्हेट असायचं कारणच नाही, ही दाबीव चौकट आहे, हिचा सगळा मुद्दाच रिव्हेट कमी असण्याचा आहे. मी ती चौकट बाजूला ठेवली आणि नवीन कापली. दुसऱ्या वेळी कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, कारण साच्यातून दाबलेल्या पोलादाला अँगलसारखा धारदार कोपरा नसतो, आणि तेवढ्या एका गोलाईने ती एकदम खरी दिसायला लागली. पहिली चौकट टाकून दिली नाहीये, टेबलावर शेजारीच ठेवलीये.

दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा वाघीण रंगवलेली नव्हती, पांढरी होती, तशीच डब्यात कापूस घालून नेली. मामाने चष्मा लावून हातात घेतली, दारावर बोट फिरवलं आणि मग जे बोलायला लागला ते तासभर थांबला नाही. त्याच्या वडिलांचं आडत दुकान होतं. कुर्डुवाडीला लाईटचा माल उतरवून मोठ्या लाईनीत चढवायचा, सगळा हाताने, पाठीवर पोतं, दोन गाड्यांच्या मध्ये फळी टाकलेली. सकाळी लाईट आली की हमालांची रांग लागायची. पोतं कुठे फाटलं तर खाली सांडलेली डाळ गोळा करायला बायका यायच्या. तो म्हणाला, "दार सरकतं करशील का? आमी ते ढकलायचो, दोघं लागायचे." मी दार चिकटवून टाकलं होतं, पुण्याला आल्यावर ते कापून काढलं आणि सरकतं केलं.

आणि मग मामी आतून येऊन म्हणाली की आमच्या पणजी पहिल्यांदा पंढरपूरला गेल्या त्या असल्याच वाघिणीतून. यात्रेच्या गर्दीत मालाच्या वाघिणीत माणसं बसवायची पद्धत तेव्हा देशभर होती, त्यावर लोकांची खूप तक्रारही असायची. पण माझ्या घरातलं कोणी त्यात बसलं होतं हे मला माहीतच नव्हतं. खाली घोंगडी, दार उघडं, पोरं मध्ये, बायका कडेने, आणि चंद्रभागा दिसेपर्यंत अभंग. मी हातातल्या वाघिणीच्या आत बघितलं तर आत नुसतं पांढरं कोरं प्लास्टिक होतं. आतल्या बाजूला मी काहीच केलं नव्हतं, दिसणार नाही म्हणून. आता आत फळ्या कोरल्यात, एकेक.

कॅल्थ्रॉपबद्दल एक राहिलंच. या माणसाने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं, गार्डियन एंजल नावाचं, आणि इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अजून एक अडीच फुटी लाईन केली, १९०४ ला सुरू झाली, तिथल्या एका इंजिनाला त्याचंच नाव होतं. पण तिथेही मला इंजिनापेक्षा त्या छोट्या लाईनवरच्या सपाट गाड्या आवडतात ज्यांच्यावर मोठ्या लाईनीची अख्खी वाघीण चढवून नेता यायची. म्हणजे कुर्डुवाडीला जी पोती पाठीवर न्यायला लागायची तो प्रश्न तो तिकडे सोडवत होता. मिरजेपर्यंत लाईट पोचली त्याच वर्षी, १९२७ ला, तो गेला.

धुळीसाठी मामाने शेतातली काळी माती पाठवलीये पिशवीत. वस्त्रगाळ केली, वाळली की ती काळी राहत नाही, राखाडी होते, आणि मऊ ब्रशने चौकटीवर आणि बोग्यांवर टाकली की अगदी तिकडच्या उन्हाळ्यातल्या गाडीसारखी दिसते. विकतच्या पावडरी पिवळट असतात, त्या तिकडे शोभत नाहीत.

आता अजून तीन चौकटी एकदम कापायच्यात, कारण चौकट एकच आहे सगळ्यांना. एक परत बंद पेटीची, दोन उघड्या, त्यातल्या एकीत कापसाच्या गाठी. इंजिनाचंही काम काढणार आहे नंतर, लीड्सच्याच किटसन कंपनीचं, आठ चाकं जोडलेली आणि मागे चार लहान, तेही पाच टनांच्या नियमात बसवलेलं. मामाला तसं सांगितलंय. तो म्हणाला, "घाई न्हाई, आदी दुसऱ्या वाघिणीचं दार सरकतं कर."