आमची वाटचाल : क्युपोला ते इंडक्शन, आणि मधला कार्बनचा हिशेब

कोल्हापूरचे ओतकाम शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांवर उभे राहिले. आमची फाउंड्रीही त्याच वाटेने आली. आधी उद्यमनगरात क्युपोलावर (कोक जाळून लोखंड वितळवणारी उभी भट्टी) फ्लायव्हील आणि साखर कारखान्यांचे सुटे भाग, नंतर शिरोली एमआयडीसीत विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीवर पंपाच्या बॉडी, ट्रॅक्टरचे भाग आणि थोडी पाइप फिटिंग्ज. क्युपोला सोडून इंडक्शन घेतली की कारखाना ‘हरित’ झाला असे धरले जाते. धुरापुरते ते खरे आहे. कार्बनच्या बाबतीत आकडेमोड केल्याशिवाय ते मान्य करू नये.

जुन्या साध्या क्युपोलात एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण १५० किलो कोक जातो. कोकमध्ये ८० टक्के कार्बन धरला तर ४४० किलो कार्बन डायऑक्साइड होतो, चुनखडीचे आणखी वीसेक किलो. दोन रांगांतून हवा देणारा, म्हणजे डिव्हायडेड ब्लास्ट क्युपोला नीट चालवला तर कोक ११० किलोपर्यंत उतरतो आणि वायू ३२० ते ३५० किलोवर येतो. इंडक्शनला टनाला ६०० युनिट लागतात. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ४३० किलो. चिमणी आमच्या आवारातून गेली आणि औष्णिक केंद्राच्या आवारात उभी राहिली, एवढाच फरक.

इंडक्शन घेण्याची आमची कारणे वेगळी होती. कोकमधले गंधक बिडात उतरते, त्यामुळे एसजी आयर्न, म्हणजे गोलाकार ग्रॅफाइटचे चिवट बीड, करायचे तर क्युपोलाचे बीड आधी गंधकमुक्त करावे लागते. इंडक्शनमध्ये पिग आयर्न (खनिजापासून काढलेले कच्चे लोखंड) कमी करून स्टीलचे भंगार आणि कार्बुरायझर (धातूतला कार्बन वाढवणारा पदार्थ) वापरता येते. हा फायदा मोठा आहे, कारण पिग आयर्न ब्लास्ट फर्नेसमधून येते आणि त्याच्या प्रत्येक टनामागे तिथेच सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटलेला असतो. म्हणजे खरी बचत चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, काय पडते यात आहे. भट्टी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

धुराविरुद्धच्या आंदोलनांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. ताजमहालच्या संगमरवरासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी आग्र्याच्या परिसरातल्या २९२ उद्योगांना कोक-कोळसा सोडून गॅसवर जा किंवा स्थलांतर करा असे सांगितले, त्यात फाउंड्र्या होत्या. तिथे नुकसान जवळचे होते आणि कारण नेमके होते. तासाला तीन टनांखालच्या क्युपोलाला घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा आहे, तीही योग्यच, कारण धूळ शेजाऱ्याच्या छातीत जाते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो कोल्हापुरात सुटला काय किंवा चंद्रपुरात, परिणाम एकच. म्हणून त्याला किलोमागे एकच किंमत हवी. धोरण जेव्हा किंमत लावण्याऐवजी यंत्र निवडून देते, तेव्हा पैसा जिथे सर्वात कमी कार्बन वाचतो तिथेही जातो.

युरोपचा सीमा कार्बन कर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाच्या कार्बन उत्सर्जनावरची आकारणी, याचे ताजे उदाहरण आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची फक्त माहिती भरायची होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. पाइप फिटिंग्ज त्यात येतात. पण लोखंड-पोलादासाठी फक्त थेट उत्सर्जन मोजले जाते, विजेचे नाही. म्हणजे ३२० किलोचा चांगला क्युपोला कागदावर दोषी आणि ४३० किलोची इंडक्शन जवळजवळ शून्य! आयातदाराला वर्षाला ५० टनांपर्यंत सूट आहे, पण ती त्याची. माहितीचा तक्ता भरायचे काम पुरवठादाराकडे येते. हा खर्च टनावर नाही, कारखान्यावर बसतो. पाच हजार टनांच्या कारखान्याला तो जाणवत नाही, पाचशे टनांच्या कारखान्याचा नफा खातो.

आपल्याकडे खाणीवरचा कोळसा अधिभार तत्त्वाने बरोबर होता. २०१० मध्ये टनाला ५० रुपये, २०१६ पर्यंत ४००. तो सगळ्यांना सारखा लागत होता आणि फॉर्म भरावा लागत नव्हता. जीएसटी आल्यावर २०१७ पासून ती रक्कम राज्यांच्या भरपाईकडे वळली.

आता स्वस्त कार्बन कुठे वाचतो ते. रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा, ज्या नंतर कापून टाकतात) धरून यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला मालाचा वाटा, ६० टक्के आणि रिजेक्शन (खराब निघालेला माल) ८ टक्के असेल तर एक टन चांगल्या मालासाठी १.८१ टन वितळवावे लागते. यील्ड ६५ आणि रिजेक्शन ४ वर आणले की १.६० टन पुरते. फरक सव्वाशे युनिटांचा, म्हणजे ९० किलो कार्बन डायऑक्साइड आणि युनिट ९ रुपये धरल्यास अकराशेहून जास्त रुपये. त्यासाठी रायझरला इन्सुलेटिंग स्लीव्ह (उष्णता धरून ठेवणारे आवरण), वाळूतल्या ओलाव्याची दर तासाला तपासणी आणि लॅडलमध्ये (धातू ओतायच्या भांड्यात) तापमान मोजूनच ओतणे, एवढे लागते. ओलावा वाढला की ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या), धातू थंड झाला की कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याची भेग).

दुसरे म्हणजे झाकण. ५०० किलोच्या क्रूसिबलच्या (भट्टीत धातू वितळतो ते भांडे) उघड्या तोंडातून तासाला १५-२० युनिट उष्णता उडते. साचे तयार नसताना भट्टी दिवसाला चार तास उघडी थांबत असेल तर वर्षाला १८ हजार युनिट जातात. तेवढी वीज छतावरून काढायला १२-१३ किलोवॅट सोलर लागेल. झाकणाचा खर्च त्याच्या जवळपासही येत नाही, पण त्याला अनुदान नाही.

तिसरे, लायनिंग, म्हणजे भट्टीचे आतले अस्तर. सिलिका रॅमिंग मासमध्ये (ठोकून बसवायच्या अस्तराच्या भुकटीत) बोरिक अ‍ॅसिड सुमारे १ टक्का ठेवावे. जादा झाले तर लायनिंग लवकर मऊ होऊन झिजते. जाड लायनिंगने भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलची धातूवरची पकड सुटते आणि युनिट वाढतात, पातळ लायनिंगने धातू कॉइलपर्यंत पोहोचतो आणि तिथे पाणी फिरत असते. गंजलेल्या भंगारातले लोहऑक्साइड सिलिका खाते, स्लॅग (मळी) वाढतो. ओले भंगार वितळलेल्या धातूत कधीही टाकू नये, स्फोट होतो. चार्जिंगच्या जागेवर छप्पर घालणे हा म्हणूनच आमच्याकडे सुरक्षेचाही खर्च आहे आणि विजेचाही.

यंदाच्या खरेदीच्या यादीत भंगार झोडून वाळू-गंज काढणारा ड्रम पहिला आहे. सोलर त्यानंतर, तेही वितळण दिवसाच्या पाळीत आणल्यावर. रात्रीच्या वितळणाला छतावरची वीज उपयोगी पडत नाही.