ओघळणाऱ्या मेणबत्त्या

मेणबत्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक नेहमी न ओघळणारी मेणबत्ती मागतं. ताठ उभी राहावी, सावकाश जळावी, टेबलावर डाग पडू नये. कारागिराचं अर्धं कसब त्यातच खर्ची पडतं. त्यामुळे वर्कशॉपवर आलेल्या एका बाईंनी "भरपूर ओघळणाऱ्या आहेत का?" असं विचारलं, तेव्हा मी हातातला साचा खाली ठेवला.

सोबत त्यांचा जोडीदार होता. दोघंही तिशी ओलांडलेली. त्यांना लाल, सुगंधी आणि शुद्ध मधमाशांच्या मेणाच्या मेणबत्त्या हव्या होत्या. "केमिकलवाल्या नकोत, ताई. अंगावर पडणार आहेत."

"अंगावर म्हणजे मसाजसाठी का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांना वॅक्स प्ले करून बघायचं होतं. एकमेकांच्या पाठीवर गरम मेणाचे थेंब पाडायचे, दोघांच्या राजीखुशीने. थांबायचं झालं तर कोणता शब्द उच्चारायचा, तेसुद्धा त्यांनी आधीच ठरवलं होतं.

मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. बहुतेक जण संकोचापोटी कुणाला विचारत नाहीत. घरात हाताला लागेल ती मेणबत्ती पेटवतात आणि भाजून घेतात. दोन सज्ञान माणसांनी आपसात काय करावं हा त्यांचा प्रश्न. पण कुठलं मेण किती तापतं हे सांगणं मेणवाल्याचं काम आहे, आणि ते नाक न मुरडता करायला हवं.

मी पहिल्यांदा सांगितलं ते हे, की तुम्ही मागताय ती माझ्याकडच्या तापट मेणबत्त्यांपैकी एक आहे. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. नैसर्गिक आहे, सुंदर जळतं, पण उघड्या त्वचेसाठी ते नव्हे. बाईंचा विश्वास बसेना. नैसर्गिक ते सौम्य, ही समजूत फार घट्ट रुजलेली आहे. कार्नोबा मेण तर झाडाच्या पानांवरचं, म्हणजे तेही नैसर्गिकच, आणि ते ८० अंशांच्याही पुढे वितळतं.

नुसतं बोलून पटणार नाही असं दिसलं, म्हणून मी त्यांना कामाच्या टेबलापाशी नेलं. ओतकामासाठी माझ्याकडे बारीक तारेचा थर्मामीटर असतो. त्याचं टोक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती तिरपी धरून त्यावर थेंब पाडला. आकडा झरकन चढला, साठाच्या आसपास रेंगाळला आणि मग उतरू लागला. त्यानंतर मऊ पॅराफिनची, काहीही न मिसळलेली पांढरी मेणबत्ती घेतली. आकडा पन्नाशीला टेकून परतला. बाईंचे जोडीदार तोवर गप्प होते. ते पुढे वाकून म्हणाले, "मधे थांबतोय तो आकडा. का?"

अगदी नेमकं पाहिलं होतं त्यांनी. मेण गोठताना साठवलेली उष्णता बाहेर टाकतं, आणि ती टाकून होईपर्यंत थेंब आपल्या गोठणबिंदूच्या आसपासच अडून राहतो. म्हणजे साठाला गोठणारं मेण साठावर अडतं, पन्नासाला गोठणारं पन्नासावर. त्वचेला सोसावा लागतो तो हाच मुक्काम. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते याची मोजमापं प्रसिद्ध केली. त्वचा सतत ४४ अंशांवर राहिली तर भाजायला सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांवर जेमतेम ५ सेकंद. सुटा थेंब लहान असतो, लगेच निवतो, म्हणून माणूस निभावतो. पण त्याच जागी थेंबावर थेंब पडत गेले, की खालच्याला निवायला वावच मिळत नाही.

"आम्ही वाचलं होतं, उंचावरून सोडलं की चालतं," बाई म्हणाल्या. हे मीही पुष्कळदा ऐकलं आहे. उंचीचा उपयोग आहे, नाही असं नाही. थेंब आपटून पसरतो, पातळ होतो, लवकर निवतो. पण हवेतून पडायला त्याला क्षणाचाही अवधी लागत नाही, तेवढ्यात तो निवून निवणार किती? उंची वाढवली म्हणून साठाचं मेण पन्नासाचं होत नाही. आधी मेण निवडायचं, उंची त्यानंतर. सुरुवात हातभर अंतरावरून करावी, पहिला थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाडून बघावा आणि मगच दुसऱ्याच्या पाठीकडे वळावं.

मेणबत्त्या इतक्या कडक का असतात, असं त्यांनी विचारलं. याला जुना इतिहास आहे. १८२५ मध्ये शेवरल आणि गे-लुसाक या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी चरबीतल्या आम्लांपासून मेणबत्ती करण्याचं पेटंट घेतलं. स्टिअरिनची ती मेणबत्ती चरबीच्या मेणबत्तीसारखी मऊ पडत नसे, वाकत नसे, घाण वास मारत नसे. आजही पॅराफिनमध्ये स्टिअरिक आम्ल मिसळतात ते कडकपणासाठीच, आणि शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंशांच्या आसपास वितळतं. जेवणाच्या टेबलावरची उंच, चकचकीत, न ओघळणारी मेणबत्ती तिच्या कामात जितकी सरस, तितकी या कामाला नालायक.

मग कुठली घ्यायची? पॅराफिन हे काही एकच मेण नव्हे. ४६-४७ अंशांपासून ६८ पर्यंत वितळणाऱ्या त्याच्या प्रती मिळतात. नुसतं 'पॅराफिन' लिहिलेलं पाहून खूश होऊ नये, वितळणबिंदू विचारावा. पन्नासाच्या आसपासचं, बिनवासाचं, स्टिअरिन न घातलेलं मेण घ्यावं. फिजिओथेरपीत दुखऱ्या हातांसाठी मेणाचा बाथ वापरतात, तो ५२ ते ५४ अंशांच्या आसपास ठेवतात आणि पॅराफिनमध्ये मिनरल ऑइल मिसळलेलं असतं. हे उदाहरण दिल्यावर 'केमिकल'ची भीती थोडी ओसरली. सोयाचं मेणही मऊ असतं, पण 'सोया' लिहिलेल्या मेणबत्तीत दुसरी मेणं मिसळलेली असू शकतात आणि वेष्टनावर ते सांगितलेलं असेलच असं नाही. त्वचेवर ओतण्यासाठीच केलेली मसाज कॅन्डल त्याहून सौम्य असते, फक्त तिच्यातला वास सोसतो का ते बघावं लागतं.

वासावरून मी थोडी अडूनच बसले. सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते, आणि तापलेल्या त्वचेवर तिचं चट्टे-खाजेत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. चमकी नको, धातूची झिलई नको.

काचेतल्या मेणबत्तीबद्दल मात्र मी काळजीने बोलले, कारण त्यांच्या मनात तीही होती. वातीलगतचं मेण वितळणबिंदूच्या कितीतरी वर तापलेलं असतं. पेटती बरणी कलंडवली की ते सगळं एकदम अंगावर येतं. थेंब निवतो, धार निवत नाही. बरणी वापरायचीच असेल तर ज्योत विझवावी आणि मेणाच्या कडेला दुधावर धरते तशी साय धरू लागेपर्यंत थांबावं. मायक्रोवेव्हमध्ये मेण वितळवू नये. ते सारखं तापत नाही, वरून कोमट आणि मधे कढत निघतं.

बाकीचं मी भराभर सांगितलं. चेहरा, डोळे, नाजूक अवयव, जखमा आणि मांडीच्या आतली कातडी वर्ज्य. पाठ आणि खांदे सोसतात. आधी पुसट तेल लावलं की मेण सहज सुटतं, केसाळ जागी तर त्याशिवाय हाल होतात. पण अंगावर तेल असताना ज्योत लांबच हवी. स्पिरिटचा सॅनिटायझर, केसांचा स्प्रे, मोकळे केस, सिंथेटिक चादर, पडदा, यातलं काही ज्योतीजवळ नको. मधुमेहाने संवेदना बोथट झालेली त्वचा किंवा स्टिरॉइड मलमाने पातळ झालेली त्वचा असेल तर हा प्रकार करूच नये. दारू पिऊनही नाही, कारण भाजतंय हे उशिरा कळतं आणि थांबायचा शब्दही उशिराच येतो.

"आणि भाजलंच तर?" जोडीदाराने विचारलं. हा प्रश्न त्याने विचारला याचा मला आनंद झाला.

वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूपही नाही. चिकटलेलं मेण ओरबाडायचं नाही, खालची कातडी निघून येते. आधी गार करायचं, आणि नुसतं चिकटलेलं असेल तर तेलाने हळूहळू सैल करायचं. फोड आला तर फोडायचा नाही. पांढरा, सुन्न पडलेला किंवा तळहाताएवढा डाग दिसला, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं आणि खरं कारण सांगायचं. डॉक्टरांचं काम उपचार करण्याचं आहे.

बाईंनी हे सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. मऊ पॅराफिनच्या पांढऱ्या मेणबत्त्या त्यांनी त्याच दिवशी नेल्या. लाल रंगाचा हट्ट काही सुटला नव्हता. म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच मेणात विरघळणारा रंग घालून, वास न घालता, मी त्यांना लाल मेणबत्त्या ओतून दिल्या, आणि देण्याआधी त्यातली एक पुठ्ठ्यावर ओघळवून आकडा पाहिला. तोही पन्नाशीपाशीच थांबला. आता मी प्रत्येक खोक्यावर मेणाचा वितळणबिंदू छापते.