आमची वाटचाल : ऑनलाइन लिलावातून जुन्या लेन्स विकताना

आमची छोटी फर्म जुने फिल्म कॅमेरे, त्यांच्या लेन्स आणि सुटे भाग विकते, आणि ही विक्री मुख्यतः ऑनलाइन लिलावांतून होत आली आहे. सुरुवात दोघांनी केली. एकाला यंत्रांची जाण होती, दुसऱ्याला हिशेबाची. आज माल तपासणे, छायाचित्रे काढणे, ग्राहकांना उत्तरे देणे आणि पार्सल बांधणे ही कामे वेगवेगळी माणसे पाहतात. या व्यवसायात नव्याने उतरू पाहणारी मंडळी आम्हाला नेहमी विचारतात की बोली कितीपासून सुरू करावी, लिलाव केव्हा संपवावा, कोणता माल चालतो. त्यांची उत्तरे पुढे येतीलच. पण इतक्या वर्षांच्या व्यवहारातून आमच्या मनात पक्की बसलेली गोष्ट एकच आहे. बोली लावणाऱ्याला वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, आणि तिच्याविषयी त्याला जे कळलेले नसते त्याची वजावट तो आपल्या बोलीतून आधीच करून टाकतो. ही वजावट जितकी कमी करता येईल तितकी करणे, हेच विक्रेत्याचे खरे काम आहे.

ऑनलाइन लिलावाचा इतिहासही हेच सांगतो. पिअर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ हे संकेतस्थळ सुरू केले, ज्याचे पुढे ‘ईबे’ झाले. तेथे सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी एक म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, तो १४.८३ डॉलरना गेला. वस्तू बिघडलेली आहे हे खरेदीदाराला ठाऊक आहे ना, याची ओमिड्यार यांनी त्याला विचारून खात्री करून घेतली, तेव्हा आपण बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो, असे खरेदीदाराने कळवल्याचे सांगितले जाते. दोष स्पष्ट लिहिला तर वस्तू पडून राहील, ही नवख्या विक्रेत्याची भीती आम्हाला समजते. परंतु आमच्याकडील बुरशी लागलेल्या, प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या पात्या अडकलेल्या लेन्सना दुरुस्ती करणारे आणि सुटे भाग शोधणारे खरेदीदार सातत्याने मिळत आले आहेत, कारण त्यांना नेमके काय बिघडले आहे हे आधीच ठाऊक असते.

लेन्स आली की आम्ही प्रथम तिची दोन्ही टोपणे काढून अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकतो आणि समोरून, थोडे तिरके धरून पाहतो. सरळ प्रकाशात स्वच्छ वाटणाऱ्या काचेत अशा वेळी कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू, आतल्या दोन भिंगांमधला धुरकटपणा किंवा कडेला सुटलेला गोंद दिसू लागतो. मग अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाचे ते छिद्र लहानमोठे करणारी, रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पात्या झटकन मिटतात की रेंगाळतात, त्यांवर तेल आले आहे का, हे पाहतो. फोकसची रिंग कुठे जड लागते का आणि माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीच्या, धातूवर किती झीज आहे, हेही तपासतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट वर्णनात स्वतंत्र वाक्याने येते. ‘वयोमानानुसार उत्तम स्थिती’ असे शब्द आम्ही वापरत नाही, कारण त्यांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. जे तपासले नाही ते ‘तपासलेले नाही’ असे लिहावे. कॅमेऱ्यात फिल्म घालून पाहिली नसेल, तर केवळ शटरचा आवाज ऐकून ‘चालू स्थितीत’ असे लिहिणे योग्य नाही.

छायाचित्रांसाठी महागडी साधने लागत नाहीत. खिडकीतून येणारा मऊ प्रकाश आणि साधी एकरंगी पार्श्वभूमी पुरते. वस्तू सर्व बाजूंनी दाखवावी, अनुक्रमांक वाचता यावा, आणि प्रत्येक दोषाचे जवळून घेतलेले छायाचित्र असावे. दुसऱ्या कोणाची छायाचित्रे उचलून लावणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय जी वस्तू विकायची आहे ती त्यांत दिसतच नाही.

आता सुरुवातीच्या बोलीविषयी. हा भाग आम्ही थोडा विस्ताराने मांडतो, कारण नवखी माणसे सर्वाधिक चुकतात ती येथेच. बहुतेक ऑनलाइन लिलावांत खरेदीदार आपली कमाल रक्कम नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्यामुळे अंतिम किंमत ही दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक टप्पा वर थांबते. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली बंद पाकिटातील बोलींच्या लिलावाचे जे विवेचन केले, त्यात विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम भरण्याची पद्धत होती. ऑनलाइन लिलावातील व्यवस्था तिच्याच जवळची आहे. याचा विक्रेत्यासाठी अर्थ असा की एखाद्या माणसाला वस्तू कितीही हवी असली, तरी तिची किंमत ठरवतो तो त्याच्या मागचा दुसरा माणूस. म्हणून ज्या लेन्सला अनेक मागणीदार आहेत तिची बोली आम्ही अगदी कमी रकमेपासून सुरू करतो. कमी आकडा पाहून माणसे थांबतात, बोली लावतात, आणि चढाओढीतून किंमत आपोआप बाजारभावापाशी येते. याउलट, एखादी दुर्मीळ फिल्टर रिंग किंवा विशिष्ट कॅमेऱ्यालाच बसणारा अ‍ॅडाप्टर हवा असणारा त्या आठवड्यात कदाचित एकच माणूस असतो. तेथे बोली कमी ठेवली, तर ती त्या कमी रकमेतच जाते. अशा वस्तूची सुरुवातच आपल्याला परवडणाऱ्या किमान रकमेपासून करावी किंवा ती ठरावीक किमतीला विकायला ठेवावी.

बाजारभाव शोधताना चालू लिलावांतील आकडे किंवा इतरांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत. पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात, आणि न विकल्या गेलेल्या वस्तूही पाहाव्यात. गुप्त राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही अशी बोलीदारांना न दाखवलेली रक्कम, आम्ही क्वचितच ठेवतो. ‘राखीव किंमत गाठलेली नाही’ असे वाचून बरेच बोलीदार मागे फिरतात, असा आमचा अनुभव आहे. आणि स्वतःच्या मालावर स्वतः किंवा नातेवाइकांकरवी बोली लावून किंमत चढवणे ही सरळ फसवणूक आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या कोणीही, त्याच्या घरच्या कोणीही, आमच्या लिलावात बोली लावायची नाही, हा नियम पहिल्यापासून आहे आणि तो कोणासाठीही शिथिल होत नाही.

लिलाव मध्यावर आला तरी बोली जेमतेम हलली आहे, हे पाहून धीर सोडू नये. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, ज्या लिलावांची वेळ ठाम असते तेथे शेवटच्या क्षणी बोली लावण्याची प्रवृत्ती अधिक दिसते, तर उशिरा बोली आल्यास मुदत आपोआप वाढते तेथे ती कमी असते. म्हणून ठाम वेळेच्या लिलावात आमचा एक माणूस शेवटचे काही तास प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. त्या वेळी अनुत्तरित राहिलेला प्रश्न म्हणजे बहुधा एक गमावलेली बोली. लिलाव संपण्याची वेळ आपले बहुतेक ग्राहक जागे आणि निवांत असतील अशी निवडावी.

पाठवणीचा खर्च लिलाव सुरू करण्यापूर्वीच काढावा. त्यासाठी वस्तू प्रत्यक्ष खोक्यात बसवून वजन करावे आणि खोक्याची मापे घ्यावीत, कारण अनेक कुरिअर सेवा आकारमानावरूनही वजन धरतात; लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार भागिले ५००० हे एक प्रचलित सूत्र आहे. हलकी वस्तू मोठ्या खोक्यात घातली की हा आकडा नफा खाऊन टाकतो. शिवाय काही ठिकाणी कमिशन पाठवणीच्या रकमेसह एकूण रकमेवर आकारले जाते, तेही हिशेबात धरावे. आमच्याकडे लेन्स टोपणे लावून, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद होते, मग बबल रॅपमध्ये, मग लहान खोक्यात, आणि ते खोके सर्व बाजूंनी भरण घालून मोठ्या खोक्यात जाते. बंद केल्यावर खोके कानाशी धरून हलवायचे. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायचे. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र अनुक्रमांकासह जपून ठेवतो, म्हणजे वाटेत मोडतोड झाल्यास किंवा दुसरीच वस्तू परत आल्यास बोलायला पुरावा असतो.

खरेदीदारांनी विक्रेत्याविषयी नोंदवलेल्या अभिप्रायांचे मोल नव्या विक्रेत्याला लवकर कळत नाही. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुन्या पोस्टकार्डांच्या एका अनुभवी विक्रेत्याने सारखाच माल आपल्या प्रस्थापित नावाने आणि नव्या, अनोळखी नावांनी विकला. प्रस्थापित नावाला खरेदीदार सुमारे ८.१ टक्के अधिक देण्यास तयार होते. नव्या माणसाने म्हणूनच सुरुवातीला कमी किमतीच्या, सहज तपासता येणाऱ्या वस्तू विकाव्यात आणि मौल्यवान माल अभिप्राय जमेपर्यंत मागे ठेवावा. तक्रार आली, तर वाद घालण्याआधी आपले वर्णन पुन्हा वाचावे. जो दोष वर्णनात नव्हता त्यासाठी आम्ही परतीच्या खर्चासह पैसे परत करतो. जो स्पष्ट लिहिलेला होता त्यासाठी ग्राहकाला ते वाक्य आणि छायाचित्र सौजन्याने दाखवतो, आणि बहुतेक तक्रारी तेथेच मिटतात.

जिंकूनही पैसे न भरणारे बोलीदार भेटतातच. एक आठवण पाठवावी, ठरलेली मुदत पाहावी आणि मग नियमानुसार व्यवहार रद्द करून वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या रकमेत देऊ करावी. रक्कम खात्यात आल्याशिवाय मात्र वस्तू हलवू नये. अलीकडे आमचा सर्वसाधारण माल ठरावीक किमतीलाच जातो, आणि लिलावासाठी आम्ही दोन प्रकारच्या वस्तू राखतो : ज्यांना मागणीदार भरपूर आहेत त्या, आणि ज्यांची किंमत ठरवण्याइतक्या विक्रीच्या नोंदीच सापडत नाहीत, पण ज्यांचा शोध घेणारे संग्राहक एकाहून अधिक आहेत हे आम्हाला आलेल्या चौकश्यांवरून कळलेले असते त्या.