रित्तो, विशाखा आणि काळ्या रानाच्या भेगा

जपानी पंचांगात हिवाळा 7 नोव्हेंबरच्या आसपास लागतो. त्या दिवसाला ‘रित्तो’ म्हणतात, म्हणजे हिवाळा उभा राहिला. सोलापुरात तेव्हा दुपारी पंखा गरगरत असतो, पण हसू नका. तोक्योतही दुपारी 18-19 अंश असतात. हिशोब थंडीचा नाहीच, सूर्याचा आहे. वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तिथपासून, सूर्य 225 अंश पुढे आला की रित्तो. दर 15 अंशांना एक टप्पा, वर्षाचे 24. प्रत्येकाचे तीन तुकडे, म्हणजे 72 ‘को’.

मृग-हस्त बोलणाऱ्या शेतकऱ्याला यात नवं काही नाही. आपलंच सोलापूरचं दाते पंचांग उघडा, रित्तोच्या आगेमागेच सूर्य विशाखेत गेलेला दिसेल. फक्त आपली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आणि रित्तो संपाताला. म्हणून नक्षत्रं ऋतूंच्या मानाने सुमारे 71 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, रित्तो सरकत नाही.

को मोजताना सरसकट पाच-पाच दिवस मिळवत गेलात तर गणित फसतं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे पाच अंश कापायला तेव्हा 4.9 दिवस पुरतात, जुलैत 5.2 लागतात. दुसरं, जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथे मध्यरात्रीनंतर साडेतीनच्या आत टप्पा लागला तर आपली तारीख आदल्या दिवशीची.

नावांतही चकवा आहे. 17 नोव्हेंबरच्या सुमाराचा को ‘किन्सेन्का साकु’, म्हणजे सोन्याच्या वाटीचं फूल उमलतं. आजच्या जपानीत किन्सेन्का म्हणजे कॅलेंड्युला, म्हणून भाषांतरांत केशरी फूल येऊन बसतं. खरं तर ती सोन्याची वाटी नर्गिसाची, पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध असते ती.

ही नावं मुळात चीनची. 1685 ला लागू झालेल्या जोक्यो पंचांगाच्या वेळी खगोलज्ञ शिबुकावा शुनकाईने जपानचं हवामान बघून ती बदलली. मग आपणही बदलायला हरकत नाही. मात्र कार्तिकी एकादशीला को बांधू नका, ती चांद्र तिथी, तारीख दरवर्षी हलते. रानात पहिल्यांदा काय दिसलं तेवढंच, तारखेसकट, लिहा. द्राक्षाच्या पानावर दव किती वाजेपर्यंत टिकलं हे जरूर टिपा. पान जितका वेळ ओलं, तितकी केवडा रोगाची भीती.

रित्तोचा दुसरा को ‘जमीन गोठू लागते’. आपल्याकडे तो खोडून टाका. सप्टेंबरअखेर पेरलेल्या शाळूला आठ आठवडे होतात ते नोव्हेंबरच्या शेवटी. ओल उडत चाललेली, काळं रान तडकायला लागलेलं. तेव्हा दातेरी कोळपं घालून भेगा बुजवतात, नाहीतर उरलीसुरली ओलही त्यातूनच निघून जाते. सोलापूरचा तेव्हाचा को: ‘रानाला भेगा पडू लागतात’.